अडीचची गाडी

वहिनी, तुमच्यावर माझा संशय आहे.

माणूस जाऊन अकरा दिवस होत नाहीत तोच असं लिहू नये, हे मला कळतं. अशा वेळी काय लिहितात ते मी आयुष्यभर वाचत आलो, डोणगावातल्या निम्म्या लोकांना लिहूनही दिलं: प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, दाराशी आलेल्याला विन्मुख न पाठवणाऱ्या. तुम्ही कष्टाळू होतात, ते मान्य. बाकीच्यावर मी सही करणार नाही. आत्ता समोर असतात तर शिलाई मशीनवरची मान वर न करता म्हणाला असतात, "काऊन हो भाऊजी, आज पुन्हा कोनती चूक सापडली?" आज खरंच सापडली आहे, आणि विचारायला तुम्ही नाही.

मी पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण तुमच्या सांगण्यावर आता माझा भरवसा उरलेला नाही. म्हणून एकदा माझ्या तोंडून ऐका.

मी शाळेत नवाच मास्तर लागलो होतो. तुम्ही दादांच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, बायको. दादा वावरात, तुम्ही ओसरीवर मशीनवर. आख्ख्या आळीचे ब्लाऊज तुमच्याकडे. अस्तर, हूक, रिळं आणायला दर गुरुवारी तुम्ही मेहकरला जायच्या आणि बारा वाजता टॉकीजमध्ये शिरायच्या. शुक्रवारी नवा पिक्चर लागायचा, त्यामुळे गुरुवारी मालक जुनं-पानं काहीतरी चालवून दिवस काढायचा, आणि ते जुनं-पानं म्हणजे बहुतेक वेळा भुताचं. बाई एकटी टॉकीजात, तेही भुताच्या पिक्चरला. गावानं बोलायचं ते बोलून घेतलं. दादांनी एकदाच उत्तर दिलं, "जाते तं जाऊ द्या. येते तवा खुशीत येते." त्यानंतर गावानं दुसरा विषय शोधला.

शनिवारी माझी शाळा सकाळची. दुपारी मी घरी यायचो तेव्हा ओसरीवर बाया जमलेल्या असायच्या, शांताकाकू सगळ्यांत पुढे, मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. आणि तुम्ही त्यांना गुरुवारचा पिक्चर सांगायच्या. मी आतल्या खोलीत दाराशी वह्या तपासत बसायचो. तपासत म्हणजे काय, एकाच वहीवर तासभर लाल पेन धरून बसायचो, आणि तुम्हाला ते माहीत होतं.

काय सांगायच्या तुम्ही. हवेली आली की पायाखालचा मशीनचा पायटा सावकाश. जिन्यावर कोणीतरी आहे असं झालं की पायटा जोरात, मशीन खडखडखड, शांताकाकूचं सूप जागच्या जागी थांबलेलं. मग तुम्ही चाक हातानं धरून एकदम थांबवायच्या. काही नाही. नुसती शांतता. आतल्या खोलीत माझ्या मानेवर काटा. मध्यंतरापर्यंत असं चालायचं. मध्यंतर झालं की तुम्ही मशीन बंद करायच्या, ब्लाऊज मांडीवर घ्यायच्या आणि हातानं हूक लावत लावत पुढचं सांगायच्या, हळू आवाजात. दर शनिवारी असंच. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, मास्तर असून आला नाही.

त्याच सुमारास बुलढाण्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी मला विचारलं, सिनेमाचं सदर लिहिता का. मी लगेच हो म्हणालो आणि घरी येऊन घाबरलो. कारण आमच्या भागात चर्चा व्हायची ती याच पिक्चरांची, आणि मी आयुष्यात भुताचा एकच पिक्चर पाहिला होता, तोही अर्धा डोळ्यांवर रुमाल धरून. त्यानंतर महिनाभर दिवेलागणीनंतर मी परसात एकटा गेलो नव्हतो. हे तुम्हाला आणि दादांना सोडून कोणाला माहीत नाही, आज लिहून टाकतो. मग मी काय केलं तेही तुम्हाला माहीत आहे. शनिवारी तुमचं ऐकायचो आणि रविवारी त्याचं परीक्षण लिहायचो. टॉकीजची पायरी न चढता मी सहा वर्षं चित्रपट समीक्षक होतो.

मुंबई-पुण्याच्या पेपरांत तेव्हा या पिक्चरांना कोणी विचारत नव्हतं. लिहिलंच तर चार ओळी: धुराचं यंत्र, रबराचा मुखवटा, नायिकेची विनाकारण आंघोळ, शेवटी मांत्रिक, त्रिशूळ आणि जाळ. दर वेळी तेच, नाव तेवढं बदलायचं. ते वाचून मला राग यायचा. कारण मी जे पिक्चर ऐकत होतो त्यांच्यात जाळ नव्हताच. एकात हवेलीची सून मरून भूत झालेली, गाव मशाली घेऊन आलेलं, आणि एक म्हातारी मोलकरीण पुढं होऊन म्हणते, थांबा रे, इचारू तं द्या. "काय राह्यलं व बाई तुह्यं?" तर ती म्हणते, लग्नातल्या माझ्या भांड्यांवरचं नाव सासूनं घासून काढलं, तेवढं परत घालून द्या. तांबट बोलावतात, तो ठोकत बसतो, शेवटच्या अक्षराला ती निघून जाते. दुसऱ्या एकात उलट्या पायांची चेटकीण जोडवी मागते. सोनाराला प्रश्न पडतो की उलट्या पायांत जोडवी कोणत्या बाजूनं घालायची. शांताकाकू यावर हसता हसता रडल्या होत्या. एकीला तर काहीच नको होतं, कोणी तरी तिला बसून चहा घे म्हणावं, उभ्यानं नको, एवढंच.

मी भारावून लिहायचो. हिंदी भयपटाच्या पोटात करुणेचा झरा वाहतो, शहरी समीक्षकाला तो दिसत नाही, कारण तो मध्यंतरात उठून जातो. वहिनी, ही ओळ माझी आहे आणि ती छापून आलेली आहे. आता आठवली की कान तापतात.

तो अंक आला की तुम्ही मला वाचून दाखवायला सांगायच्या. सातवी झालेल्या होतात, वाचता यायचं, तरी माझ्याच तोंडून ऐकायचं असायचं. चेहरा असा गंभीर की जणू पोथी चालू आहे. संपलं की एकच विचारायच्या, "हे मी म्हतलं व्हतं काय?" मी म्हणायचो, तुम्ही गोष्ट सांगितली, हा तिचा अर्थ आहे. "हाव काय," तुम्ही म्हणायच्या, "लय अर्थ निंगाला मंग." हे कौतुक होतं की आणखी काही, याचा मी गेले अकरा दिवस विचार करतो आहे.

एकदा देऊळघाटच्या एका वाचकाचं पत्र आलं. तुमच्या मास्तरनं लिहिलेला पिक्चर मी दोनदा पाह्यला, त्यात तांबट कुठंच नाही, भुतिणीले त्रिशूळ मारून जाळते, हा शेवट कोनत्या टॉकीजात दाखवला ते कळवा. मला वाटलं, मत्सर. मी पुढच्या अंकात त्याला असं फाडून काढलं की बिचाऱ्यानं पुन्हा पत्र लिहिलं नाही. पडदा पाहणं वेगळं आणि सिनेमा पाहणं वेगळं, असं काहीतरी मी सुनावलं. ते तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुमच्या हातातली सुई थांबली होती. "देऊळघाटचा हाय काय थो?" एवढंच विचारलंत. "त्याले इतकं बोलाले नाही पाह्यजे व्हतं भाऊजी." तेव्हा मी ती दया समजलो. आता मला वाटतं, ती धास्ती होती.

पुढे मेहकरला एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला. कॉलेजातले एक प्राध्यापक म्हणाले, ग्रामीण भागातून भयपटाकडे पाहणारी ही नवी मानवतावादी दृष्टी आहे. शाल, श्रीफळ. तुम्ही दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात, पदराचं टोक तोंडात धरून. मला वाटलं तुम्हाला भरून आलं. शाल मी घरी येऊन तुम्हालाच दिली आणि तुम्ही ती शिलाई मशीनवर धूळ बसू नये म्हणून घातलीत. अजून तीच आहे. काल पाहिली, एका कडेला उंदरानं खाल्ली आहे.

मग घरात केबल आली. एका रविवारी दुपारी तोच पिक्चर लागला, सुनेचा, भांड्यांचा. मी म्हटलं, चला, आता हिंमत करून पाहू, शेवट गोड आहे. पूर्ण पाहिला. म्हातारी मोलकरीण होती, पण ती मध्यंतराआधीच मेली. तांबट नव्हता. शेवटी मांत्रिक, त्रिशूळ, आणि ती सून किंचाळत जळाली. देऊळघाटवाल्यानं लिहिलं होतं तसंच, शब्दन् शब्द.

मी तसाच ओसरीवर आलो. तुम्ही काज करत होतात. मी विचारलं, वहिनी, तांबट कुठाय? तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "टीवीवाल्यायनं कापला असन."

मला खोटं बोलण्याचा इतका राग आला नसता, पण तुम्ही ते इतकं सहज बोललात. मी म्हणालो, तुम्ही मला फसवलं, सहा वर्षं फसवलं, मला जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. तुम्ही म्हणालात, "फशिवलं असतं तं तुमी इतकं चांगलं लेहलं असतं काय?" त्यावर मी तुमच्याशी बोलणंच बंद केलं. सदरही बंद केलं. संपादकांना प्रकृतीचं कारण कळवलं. दिवाळी येऊन गेली, तुम्ही माझ्या ताटात दोन अनरसे जास्त वाढलेत, मी दोन्ही बाजूला काढले. तुम्ही ते उचलून शांताकाकूला दिलेत आणि वरून त्यांना सांगितलंत, "भाऊजीच्या दातात किडा हाय." आठवड्याभरानं मीच बोललो, कारण गावात सगळे दाताची चौकशी करायला लागले होते.

पण तो वाद आपला मिटला नाही. मी म्हणायचो, भूत म्हणजे समाजाच्या मनातल्या अपराधाचं प्रतीक. तुम्ही म्हणायच्या, "प्रतीक-बितीक काय हो, बाई हाय ते." मी म्हणायचो, मग तिला तांबट कशाला दिला, तो तर पिक्चरात नाही. एकदाच तुम्ही त्यावर सरळ बोललात. बीबीला, तुमच्या माहेरी, तुम्ही आठ वर्षांच्या असताना आई गेली. बायकापोरींना नदीवर नेत नाहीत, पण दुसरं लेकरू नव्हतं म्हणून दहाव्याला तुम्हाला नेलं. पिंडाला कावळा शिवेना. मामा हात जोडून म्हणाले, पोरीले आमी सांभाळू, काळजी करू नको. आणि शिवला. "तवा मले समजलं," तुम्ही म्हणालात, "मेलेल्या मानसालेबी इचारलं तं सांगते. इचारा लागते फक्त." मी तेव्हा वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. कावळा भुकेला असतो म्हणून येतो, असं काहीतरी म्हणालो. मला माझ्या हुशारीची लाज वाटते, वहिनी, आणि ती तुमच्यासमोर वाटायला हवी होती.

पुढे जग तुमच्या बाजूला आलं. प्रशांतनं, तुमच्या लेकानं, मोबाइलवर नवे पिक्चर लावून दिले. आता भुताचे पिक्चर हसवतात, त्यांत गावं असतात, बोली असते, आणि भुतिणीला शेवटी कोणी तरी समजून घेतं. मोठे समीक्षक आता चार चार तारे देतात, लोककथा म्हणतात, स्त्रीवाद म्हणतात. मी ते वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता काऊन? आमी तं कधीच सांगतलं." मला तर दाट संशय आहे की मेहकरहून येणाऱ्या गाडीत तुमच्या मागच्या बाकावर मुंबईचं कोणी तरी बसलेलं होतं. पण एक गोष्ट तेव्हाही मला खटकली होती. मोबाइलवरचा पिक्चरसुद्धा तुम्ही पुरा पाहायच्या नाही. शेवटची वीस मिनिटं उरली की प्रशांतच्या हातात द्यायच्या. "ठेव बाबू. बाकीचं मले माहीत हाय."

आता त्या दुपारचं.

बुलढाण्याच्या दवाखान्यात तुम्हाला ठेवून चार दिवस झाले होते. डॉक्टर म्हणत होते, सुधारणा आहे. माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता, ते बोलताना माझ्या खांद्याकडे पाहत होते. दादा जेवायला गेले होते, प्रशांत खाली औषधाच्या दुकानात. मी तुमच्या पलंगाजवळ स्टुलावर. काय बोलायचं ते सुचेना म्हणून मी मोबाइलवरच्या एका नव्या पिक्चरबद्दल बोलत होतो, आणि तुमचा श्वास मधेच अडकत होता. तुम्ही माझ्या हातातल्या घड्याळाकडे बोट केलंत.

"साडेचारची गाडी चुकन तुमची. निंगा."

मी म्हणालो, दादा येऊ द्या, मग जातो. "प्रशांत येऊनच राह्यला. तुमी जा. मंग दुसरी गाडी नाही." मी उठलो. दारात मागे वळून पाहिलं तर तुम्ही भिंतीकडे तोंड केलेलं होतं.

स्टँडवर गेलो. साडेचारची गाडी नव्हती. चौकशीच्या खिडकीत विचारलं तर म्हणाले, मेहकरची पावणेसहाला आहे, साडेचारला कोणतीच नसते. मला वाटलं, तापात तुमची वेळ चुकली. दवाखाना स्टँडपासून दहा मिनिटांवर. मी परत येऊ शकत होतो. सव्वा तास होता हातात. वहिनी, मी आलो नाही. बाकावर बसलो, कचोरी घेतली, वर्तमानपत्र घेतलं. पाच वाजता प्रशांतचा फोन आला तेव्हा दुसऱ्या कचोरीचा घास माझ्या तोंडात होता. तो गिळला की थुंकला, मला आठवत नाही.

अंत्यसंस्कारात मी कोणाशी बोललो नाही. सगळ्यांना वाटलं, दुःख. दुःख होतंच, पण त्याच्या पोटात चीड होती. डॉक्टरवर, औषधाच्या दुकानातल्या रांगेवर, जेवायला गेलेल्या दादांवर, स्वतःवर. आणि तुमच्यावर, कारण मला आत कुठे तरी वाटत होतं की तुम्हाला वेळ चुकलेली नव्हती.

पाचव्या दिवशी लोक भेटायला आले. त्यांत वानखडे कंडक्टर होते, आता निवृत्त, एका कानानं ऐकू येत नाही. बोलता बोलता तुमच्या गुरुवारांचा विषय निघाला. दादा म्हणाले, "तिनं एकबी पिक्चर पुरा पाह्यला नाही. अडीचची गाडी पकडा लागे नं तिले."

मी दादांकडे पाहतच राहिलो. एकही नाही? म्हणजे ते सगळे शेवट? पण मी तोंड उघडायच्या आत कंडक्टर म्हणाले, "अडीचची कोनती हो? डोनगावले अडीचची गाडी कधीच नव्हती. सव्वातीनची व्हती, मीच व्हतो तिच्यावर. वहिनीबाई अडीचले येऊन बाकावर बसत. डोळे मिटून. ओठ हालत त्यायचे. मले वाटे जप करून राह्यल्या."

टॉकीज आणि स्टँड यांच्यात पाच मिनिटांचं अंतर नाही. पिक्चर तीनला सुटायचा. आरामात शेवट पाहून गाडी मिळाली असती. तुम्ही दर गुरुवारी शेवट सोडून उठायच्या आणि पाऊण तास स्टँडच्या बाकावर बसून दुसरा शेवट करायच्या.

कंडक्टर गेल्यावर मी दादांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? दादा जमिनीकडे पाहत होते. तसेच म्हणाले, "पयला तेवढा पुरा पाह्यला व्हता तिनं. त्या दिशी जेवली नाही. म्हने, तिले जाळलं हो. कोनं इचारलंबी नाही, काय पाह्यजे म्हून." मग उठून गोठ्याकडे गेले. अडीचची गाडी मनानं कोणी काढली, तुम्ही की त्यांनी, हे मी विचारायचं राहून गेलं. मला तर आता दोघांवरही संशय आहे.

पण साडेचारच्या गाडीबद्दल संशय नाही. ती तुम्हीच काढलीत. मी भित्रा आहे हे तुम्हाला चाळीस वर्षं माहीत होतं. शेवट येतो आहे हे तुम्हाला कळलं, आणि तुम्ही मला मध्यंतरात उठवून बाहेर पाठवलंत. मी परत येणार नाही हेही तुम्हाला माहीत असणार. याबद्दल मी तुमच्यावर रागवावं की पाया पडावं? अकरा दिवस दोन्ही आलटून पालटून चाललं आहे. तुम्ही गेलात यापेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं की मला काही विचारता आलं नाही. एवढं सगळं दुसऱ्या बायांसाठी मागून घेतलंत. तुम्हाला काय हवं होतं?

काल दहावा झाला, मेहकरला, पैनगंगेच्या काठावर. प्रशांतनं पिंड ठेवले आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळे होते. बाभळीवर चार-पाच बसलेले, एक तर खाली उतरून दोन हातांवर येऊन पाहून गेला. शिवेना. प्रशांत हात जोडून म्हणाला, आई, बाबांकडे मी पाहीन. काही नाही. मशीन विकणार नाही म्हणाला. काही नाही. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर घरच्यांनी आठवून सांगा. एकेक जण पुढं होऊन विचारत होता, काय राह्यलं, सांगा, काय पाह्यजे. आणि मी तिथं उभा राहून ऐकत होतो. ही मोलकरीण मला ओळखीची होती. हा तांबट, हा सोनार, सगळे ओळखीचे. मी ज्याला नवी मानवतावादी दृष्टी म्हणून शाल घेतली, ते बीबीच्या नदीवरचं हे होतं. तुम्ही फक्त ते टॉकीजात नेलंत, कारण तिथं कोणी विचारत नव्हतं.

पाऊण तास झाला. भटजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करू या, शास्त्रात चालतं. दादा माझ्याकडे वळले. "तू म्हन काही. तुह्यं अन् तिचं लय चाले."

मी पुढं झालो. कावळ्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. आणि वहिनी, मला भीती वाटली. मी ते बोललो आणि तो आला नाही तर? मी घड्याळ पाहिलं. दादांना म्हणालो, माझी गाडी चुकेल. आणि निघालो. मागून कोणी तरी म्हणालं, असं कसं मास्तर, आता तं होऊन राह्यलं. मी वळलो नाही. टॉकीजच्या जागी आता बी-बियाण्यांचं गोदाम आहे, त्याच्यासमोरून स्टँडवर आलो. गाडी यायला वेळ होता. बाकावर बसलो आणि डोळे मिटले.

घरी पोचलो तेव्हा बाया ओसरीवर वाट पाहत होत्या. नदीवर त्यांना नेत नाहीत, कोणी तरी येऊन सांगावं लागतं. शांताकाकू आता ऐंशीच्या आहेत, पण सगळ्यांत पुढे त्याच.

"शिवला काय हो भाऊजी?"

मी तुमच्या मशीनजवळच्या पाटावर बसलो. आधी कावळे किती होते ते सांगितलं. बाभूळ सांगितली. प्रशांत काय म्हणाला ते सांगितलं, शिवला नाही तेही सांगितलं. मग थोडा थांबलो. शांताकाकूनं पदराचं टोक घट्ट धरलं होतं.

"मंग दादा म्हणाले, तू म्हन. मी पुढं झालो अन् म्हतलं, वहिनी, मले गाडी भेटली."

"इतकंच?"

"इतकंच. अन् तो उतरला आणि शिवला."

शांताकाकू डोळे पुसायला लागल्या. "तिले तीच काळजी असन," त्या म्हणाल्या. "कोनाची गाडी चुकू नाही म्हून."

तेवढ्यात जीप आली. दादा उतरले, दाराशी ठेवलेल्या पाण्यानं पाय धुवायला लागले. त्यांच्या तोंडाकडे पाहायची माझी हिंमत नव्हती, मी मशीनवरच्या शालीची उंदरानं खाल्लेली कड बोटानं नीट करत राहिलो. शांताकाकूनं विचारलंच.

"काहो, मास्तर म्हणतेत, त्यायनं गाडीचं सांगतलं अन् कावळा शिवला. खरं काय?"

दादांनी दुसरा पाय धुतला. तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं असावं.

"हाव," दादा म्हणाले. "तसंच झालं."